अवधूतांचा उलटा हिशेब

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेला संध्याकाळी आपण पाळणा हलवतो, सुंठवडा घेतो, आरती करतो आणि समाधानाने घरी जातो. हा पाळणा ज्या प्रसंगामुळे हलला तो प्रसंग गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात आहे आणि सप्ताहात आपण तो दरवर्षी वाचतो. वाचताना आपले सगळे लक्ष चमत्काराकडे असते. यंदा मला तुमचे लक्ष त्यामागे दिसणाऱ्या विचाराकडे वेधायचे आहे.

ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन दारात आले. अत्री ऋषी आश्रमात नाहीत. पाहुण्यांनी अट घातली की विवस्त्र होऊन वाढशील तरच जेवू. आता बघा, या प्रश्नाला सरळ दोनच उत्तरे आहेत. ‘नाही’ म्हणावे तर अतिथी विन्मुख जातो, म्हणजे गृहस्थधर्म बुडाला. ‘हो’ म्हणावे तर पातिव्रत्याला बाध येतो. आपल्यासारखा माणूस ‘हो की नाही, हो की नाही’ यातच घामाघूम झाला असता.

मातेने प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला, असे मला वाटते. शेवट काय हवा, हे तिने आधी ठरवले. अतिथी तृप्त व्हावा आणि व्रतही अखंड राहावे. मग तिथून ती मागे आली. हीच मागणी कोणी केली असता तिच्यात दोष उरणार नाही? तान्ह्या बाळाने. आईपुढे बाळाला आणि बाळापुढे आईला कसला आलाय संकोच? म्हणजे पाहुणे बाळे झाली की प्रश्नच उरत नाही! आणि तसेच झाले. तपाचे बळ तिच्यापाशी होतेच, पण ते बळ नेमके कुठे लावायचे हे या विचाराने ठरले.

एवढे तप आपल्यापाशी नाही. पण अडलेला प्रश्न शेवटाकडून धरायची ही रीत मात्र आपल्याला घेता येते. तेवढीच आजच्या लेखात सांगायची आहे.

फुलांचे कोडे

लहानपणी आजी-आजोबांकडून हे कोडे तुम्हीही ऐकले असेल. एका रांगेत तीन देवळे आहेत आणि प्रत्येक देवळापुढे एक कुंड. कुंडात फुले बुडवली की ती दुप्पट होतात. एक भक्त काही फुले घेऊन निघाला. पहिल्या कुंडात फुले बुडवली, दुप्पट झाली, त्यातली काही देवाला वाहिली. उरलेली दुसऱ्या कुंडात बुडवली, पुन्हा दुप्पट झाली, पहिल्या देवळात वाहिली तेवढीच तिथे वाहिली. तिसऱ्या देवळातही तेच केले. शेवटी हातात एकही फूल उरले नाही. तर तो घरून किती फुले घेऊन निघाला आणि प्रत्येक देवाला किती वाहिली?

सुरुवातीकडून हे कोडे सोडवायला बसलात तर अंदाज बांधता बांधता चहा गार होईल. शेवटाकडून बघा. समजा, प्रत्येक ठिकाणी ८ वाहिली. शेवटी काही उरले नाही, म्हणजे तिसऱ्या देवळात हातात बरोबर ८ होती. ती कुंडातून दुप्पट होऊन आली, म्हणजे आधी ४ होती. त्याआधी दुसऱ्या देवळात ८ वाहिली होती, म्हणजे तिथे १२ होती. दुप्पट होण्यापूर्वी ६. पहिल्या देवळात ८ वाहिली, म्हणजे तिथे १४. आणि दुप्पट होण्यापूर्वी ७. घरून निघाला ७ फुले घेऊन आणि प्रत्येक देवाला वाहिली ८!

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. आर्यभटांनी ती सांगितली आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराच्या आपल्या लीलावतीत तिला ‘व्यस्तविधी’ असे नाव देऊन नियम घालून दिला. शेवटचे उत्तर हाती घ्यायचे आणि मागे चालत जायचे. जिथे गुणले असेल तिथे भागायचे, जिथे मिळवले असेल तिथे वजा करायचे, जिथे वर्ग केला असेल तिथे मूळ काढायचे. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला होता, तसा शिलालेखच तिथे आहे. त्या नातवाचे नाव चांगदेव (ज्ञानेश्वरमाउलींना भेटायला आले ते योगी चांगदेव वेगळे). म्हणजे आपल्या खानदेशात एके काळी मुले मठात बसून हे शिकत होती.

बँकेच्या नोकरीत माझा याच रीतीशी रोजचा संबंध आला. संगणक येण्यापूर्वी संध्याकाळी जमा आणि नावे यांची टॅली लागल्याशिवाय कोणी घरी जात नसे. फरक आला की नवीन लागलेला मुलगा बिचारा पहिल्या व्हाउचरपासून पुन्हा बेरीज मारायला घेई. जुने अधिकारी आधी फरकाचा आकडा विचारत. फरकाला ९ ने भाग जातोय? मग कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असेल, ५४० च्या जागी ४५० पडले असतील, तेवढे शोधा. नाही सापडले? मग फरकाच्या निम्मी रक्कम शोधा, कदाचित जमेची रक्कम नावे पडली असेल. फरक स्वतःच सांगायचा की चूक कुठे आहे. त्याला विचारणारा माणूस तेवढा हवा.

चोवीस गुरू काय सांगतात

आता आपल्या मूळ घराकडे येऊ. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा अवधूतांना विचारतो की तुम्ही एवढे आनंदात कसे? अवधूत चोवीस गुरूंची नावे सांगतात. आपल्या परंपरेत हे अवधूत म्हणजेच श्रीदत्तात्रेय. एकनाथमहाराजांनी या स्कंधावर मराठीत विस्ताराने टीका लिहिली आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी तर दत्तप्रभूंचे थोर भक्त. म्हणजे हा प्रसाद आपल्यापर्यंत घरचाच आलेला आहे.

ही चोवीस नावे एकदा कागदावर लिहून काढा आणि त्यांचे दोन गट पाडा. पृथ्वी, वायू, आकाश, सूर्य, समुद्र यांच्याकडून अवधूत ‘असे व्हावे’ हे शिकले. पण कपोत, पतंग, हत्ती, हरीण, मासा यांच्याकडून? पतंग ज्योतीवर झडप घालून जळाला. मासा गळाच्या आमिषाला भुलला. हरीण गाण्याला भुलले. यातला कोणीही शहाणा नाही, सगळे बुडालेले. तरी अवधूत त्यांना गुरू म्हणतात, हात जोडतात. का? कारण अवधूतांनी त्यांचा शेवट पाहिला आणि तिथून मागे मागे जाऊन कारण गाठले. गळ घशात अडकला, त्याआधी काय होते? आमिष. त्याआधी? जिभेची ओढ. मग आपण जीभ सांभाळायची. ‘सुखी कसे व्हावे’ हा प्रश्न अवघड आहे, त्याचे उत्तर प्रत्येक जण वेगळे देतो. ‘माणूस बुडतो कशाने’ याचे उत्तर मात्र डोळ्यांपुढे तडफडत असते.

कुरर पक्षी त्या यादीत आहे, त्याचे पाहा. चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून दुसरे बलदंड पक्षी त्याच्यावर तुटून पडले. सरळ विचार सांगेल, आणखी जोरात उड किंवा उलटून चोच मार. त्याने तुकडा टाकून दिला. झाले, सगळे तुकड्यामागे गेले आणि हा मोकळा झाला. कुमारीचेही तसेच. घरात पाहुणे आलेले, घरची मंडळी बाहेर गेलेली, म्हणून ती एकटी साळी कांडायला बसली. हातातली कांकणे वाजू लागली. कांडणे थांबवता येत नाही आणि आवाज तर पाहुण्यांना जाता कामा नये. तिने एकेक कांकण उतरवले. दोन राहिली तरी वाजत होती, मग प्रत्येक हातात एकच ठेवले. आवाज बंद, काम चालू!

दोघांनीही काही नवीन आणले नाही. होते त्यातले काढून टाकले. आपण मात्र अडचण आली की आणखी एक नवस, आणखी एक उपाय, आणखी एक अंगठी असे मिळवतच जातो. काय उतरवायचे हे विचारत नाही.

एका गृहस्थांचा प्रश्न

आता हे सगळे आपल्या घरात कसे आणायचे ते सांगतो. आमच्या मंदिरात दर गुरुवारी आरतीनंतर चार माणसे ओट्यावर बसतात. त्यातल्या एका गृहस्थांनी एकदा विचारले, “माझ्या माघारी माझी मुलं भांडू नयेत म्हणून मी काय करू?” दोन मुलगे, एक मुलगी, राहते घर एक, थोड्या ठेवी, पत्नीचे दागिने. वय पंचाहत्तरीच्या पुढे. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत हा एकच घोर. त्यांच्या स्वतःच्या चुलत्यांत घरावरून जे वैर झाले होते ते त्यांनी लहानपणी पाहिलेले होते.

प्रत्येकाने उत्तर दिले. कोणी म्हणाले मुलांवर संस्कार करा. चाळिशी-पन्नाशीच्या मुलांवर आता काय संस्कार करणार? कोणी म्हणाले गुरुचरित्राचे पारायण करा. ते तर ते दरवर्षी करतातच. कोणी म्हणाले महाराजांवर सोडा. ते गप्प बसले, पण चेहऱ्यावरचा घोर काही हलला नाही.

मी म्हटले, “काका, प्रश्न उलटा करून बघू. समजा, तुमची मुलं भांडलीच पाहिजेत, अगदी कोर्टाची पायरी चढलीच पाहिजे, अशी तुमची इच्छा आहे. तर तुम्ही आज काय काय कराल?”

ते आधी दचकले. मग हसले. आणि मग भराभर सांगायला लागले, बाकीच्यांनीही भर घातली. मृत्युपत्र करायचे नाही. थोरल्याला एक सांगायचे, धाकट्याला दुसरे. मुलीला काहीच सांगायचे नाही. कागदपत्रे कुठे आहेत ते कोणाला कळू द्यायचे नाही. एका सुनेपुढे दुसरीचे गुणगान करायचे. ठेवींवर एकाच मुलाचे नाव लावायचे आणि बाकीच्यांना ते नंतर कळू द्यायचे. आणि दोघांत काही बोलाचाली झाली की आपण एकाची बाजू घेऊन मध्ये उडी मारायची.

सात गोष्टी झाल्या. मी म्हटले, आता यातल्या किती आजच घरात चालू आहेत तेवढ्या मनात मोजा, आम्हाला सांगू नका. त्यांनी बोटे मोजली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते स्वतःच म्हणाले, “पाच.”

‘भांडू नयेत म्हणून काय करू’ या प्रश्नाला वर्षभर उत्तर सापडत नव्हते. ‘भांडावीत म्हणून काय करू’ याला दहा मिनिटांत सात उत्तरे आली आणि त्यातली पाच त्यांच्या स्वतःच्या हातातली निघाली.

इथे वाचकांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण बँकेच्या काउंटरवर याबाबतचे गैरसमज मी खूप पाहिले. बँकेच्या ठेवीवर नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असे नाही. बँक पैसे त्याच्या हाती देते, पण वारसांचा हक्क त्यामुळे जात नाही. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते. त्यावर करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या कायद्याने दिलेला आहे, तेव्हा तिला वगळून केलेला हिशेब हा मुळातच चुकीचा हिशेब. आपल्या घरचे नेमके काय करायचे ते वकिलाला विचारूनच करावे.

त्या गृहस्थांनी पुढच्या दोन-तीन महिन्यांत मृत्युपत्र केले. तिन्ही मुलांना आणि सुना-जावयांना एकत्र बसवून एकाच वेळी, एकच गोष्ट, एकाच शब्दांत सांगितली. कागदपत्रांची फाइल कुठल्या कपाटात आहे ते दाखवले. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. थोरला बरेच दिवस रुसून होता, त्याला वाटा कमी वाटला. पण तो जे बोलला ते वडिलांच्या तोंडावर बोलला, वडील ऐकायला आणि समजावायला होते तोवर बोलला. त्यांच्या माघारी तेच शब्द तिघांनी एकमेकांना ऐकवले असते आणि उत्तर द्यायला कोणी नसते. आता ते गुरुवारी ओट्यावर बसतात तेव्हा दुसऱ्या गोष्टी बोलतात.

यादीतली सातवी गोष्ट सगळ्यात अवघड, असे ते म्हणतात. मुलांच्या वादात उडी न मारणे. मला तिथे अवधूतांचा कपोत आठवतो. पिल्ले पारध्याच्या जाळ्यात अडकली, त्यामागोमाग कपोती गेली आणि शोकाने आंधळा झालेला कपोत डोळ्यांदेखत जाळे पाहूनही आत शिरला. पिल्लांवर प्रेम करू नका असे अवधूत कुठे सांगतात? पण जाळ्यात उडी मारून पिल्लू सुटत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

वास्तू तथास्तु म्हणते त्याचे काय?

आता काही जण, विशेषतः आमच्या भगिनी, म्हणतील की असे अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. भावना खरी आहे आणि मी तिचा मान ठेवतो. पण इच्छा करणे वेगळे आणि शोध घेणे वेगळे. वैद्य नाडी धरून रोग शोधतो तेव्हा तो रोगाची इच्छा करत नाही. अवधूतांनी पतंगाचे जळणे पाहिले, ते पतंगाला जाळावे म्हणून नव्हे. विचार करताना देवापुढे दिवा लावा, हात जोडा आणि सांगा, ‘महाराज, हे घडू नये म्हणून पाहतो आहे.’ मग वास्तू तथास्तु म्हणेल ते त्या प्रार्थनेला म्हणेल. आणि वाल्या कोळ्याची कथा आपल्याला माहीतच आहे. ‘राम’ म्हणता येईना म्हणून तो ‘मरा मरा’ म्हणत बसला आणि उलटे म्हणता म्हणता पोचला नेमका रामापाशी.

मर्यादाही सांगायला हवी. उलट्या विचाराने तण निघते, पीक येत नाही. भांडणाची सात कारणे काढली म्हणजे प्रेम उगवले असे होत नाही. कुरराने मांस टाकले, त्याचा जाच थांबला. त्यापुढचे सुख आतून यावे लागते आणि ते गुरुकृपेने येते. म्हणून नामस्मरण, पारायण, सेवा हे सरळच चालू ठेवायचे. तिथे उलटे काही नाही. एवढेच की खडकाळ आणि तणाने भरलेल्या शेतात पाऊस पडला तरी तो वाहून जातो. शेत साफ ठेवणे आपले काम, पाऊस महाराजांचा.

शेवटाकडून आज

सगळ्यात मोठा उलटा हिशेब श्रीकृष्णांनी अर्जुनाला आठव्या अध्यायात शिकवला आहे. अंतकाळी जे मनात असते तीच गती जीवाला मिळते, हा शेवट त्यांनी आधी सांगितला. आता त्यावरून सरळ विचार करणारा माणूस म्हणेल, ठीक आहे, अंतकाळी देवाचे नाव घेऊ, तोवर वेळ आहे. भगवंत तिथून मागे येतात. शेवटच्या क्षणी तेच आठवणार जे आयुष्यभर मनात घोळले. शेवटचा क्षण कधी येईल ते ठाऊक नाही. म्हणून सर्व काळी माझे स्मरण ठेव आणि आपले कर्तव्यही कर. शेवटापासून निघाले आणि येऊन पोचले आजच्या दिवसावर.

आपण साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे. पुढची दहा वर्षे कशी घालवावी, हा प्रश्न आपल्याला रात्री झोप लागू देत नाही. यंदाच्या सप्ताहात रोजचे वाचन झाल्यावर पाच मिनिटे कागद घेऊन बसा. वर लिहा, ‘माझी शेवटची वर्षे कडू व्हावीत म्हणून मी काय करीन?’ आणि प्रामाणिकपणे लिहा. सुनेच्या स्वयंपाकाला रोज नावे ठेवीन. जुना अपमान रोज एकदा उगाळीन. गोळ्या वेळेवर घेणार नाही आणि मग मुलांना धावपळ करायला लावीन. धाकट्या भावाशी बोलणार नाही, तो आधी बोलल्याशिवाय. ज्याची त्याची यादी वेगळी असेल. मग त्यातल्या ज्या गोष्टी आज चालू आहेत त्यापुढे खूण करा. सात दिवसांत सगळ्या सुटणार नाहीत. एक निवडा आणि कुमारीसारखे ते एक कांकण दत्तजयंतीच्या दिवशी पाळण्यापुढे उतरवून ठेवा. नारळ, पेढे तर आपण वाहतोच.

उरलेल्यांसाठी पुढचे गुरुवार आहेतच. महाराज आपल्या सर्वांना ती बुद्धी देवोत.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥